वाजवून दाखवला एक, डब्यात निघाला दुसरा

मी गंगाखेडला शिवणकाम करते. मुलगी सातवीत आहे. गल्लीतल्या मंदिरात रोज संध्याकाळी हरिपाठ असतो, तिथे बुवांच्या पेटीशेजारी बसून बसून तिला स्वर कळायला लागले. घरी मात्र सरावाला काहीच नव्हतं. चांगली पेटी आवाक्याबाहेर, आणि दोन खोल्यांच्या घरात रात्री पेटी वाजवली तर शेजारच्या आजारी आजींची झोप मोडते. कीबोर्डला हेडफोन लावता येतो, म्हणून कीबोर्ड घ्यायचं ठरलं. भिशी लागली होती, त्यात ब्लाउजच्या शिलाईचे पैसे घातले आणि ७,२०० रुपये घेऊन मायलेकी शहरात गेलो. ते सगळे पैसे गेले. दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून जे घडलं ते सांगते.

दुकानात काउंटरवर एक कीबोर्ड मांडलेला होता. तिथल्या पोरानं छान वाजवून दाखवला. मुलीलाही वाजवू दिला. हळू दाबलं की आवाज नाजूक, जोरात दाबलं की मोठा. तिच्या तोंडावरचा आनंद बघून मी मनातल्या मनात पैसे मोजून टाकले. "हाच द्या," म्हटलं, तर मालक म्हणाले, "ताई, हा डिस्प्लेचा आहे, शंभर लोकांनी हाताळलेला. तुम्हाला सीलबंद पीस देतो." मला ते बरंच वाटलं. डबा इथेच उघडून दाखवा म्हटलं, तर "सील तुटलं की वॉरंटी जाते." पक्कं बिल मागितलं, तर "टॅक्स वर लागेल, कशाला उगाच." गाडीची वेळ झाली होती. साध्या चिठ्ठीवर 'म्युझिक कीबोर्ड १ नग' आणि रक्कम एवढंच लिहिलेलं, शिक्का नाही, मॉडेल नाही. ती चिठ्ठी घेऊन आम्ही निघालो.

घरी डबा उघडला तर आधी एक छोटा प्लास्टिकचा माईक निघाला. तेव्हाच मनात चुकचुकलं. मुलीनं हात ठेवला आणि म्हणाली, "आई, ह्याच्या पट्ट्या बारीक आहेत." मी शिलाईचा टेप लावला. एका सप्तकाच्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साडेपाच इंच भरल्या. नेहमीच्या मापाच्या कीबोर्डवर हेच माप साडेसहा इंचांच्या आसपास असतं, हे मला नंतर कळलं. एक इंच म्हणजे काय ते शिवणाऱ्याला विचारा. लहानपणी ह्या मापावर बोटं बसली की पुढे खऱ्या कीबोर्डवर स्वर हुकू शकतात.

दुसऱ्या दिवशी बुवांना बोलावलं. त्यांनी डाव्या हातानं सा आणि प धरून ठेवले आणि उजव्या हातानं वर चाल धरली. दोन स्वर पुढे गेले की धरलेला सा गळायचा. बोट पट्टीवर तसंच दाबलेलं, आवाज मात्र बंद. बुवांनी तीन-चारदा करून बघितलं आणि हात काढून घेतला. "ताई, हे खेळणं आहे," एवढंच म्हणाले. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज एकच. उजेडात धरून बघितलं तर दोन्ही बाजूंना स्पीकरची जाळी होती, पण उजवीकडच्या जाळीमागे स्पीकरच नव्हता, नुसतं प्लास्टिक. पट्ट्या ६१, डब्यावर छापल्याप्रमाणे. त्या आकड्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच तर आम्ही गाफील राहिलो. ६१ म्हणजे पाच सप्तकं आणि वरचा एक सा. पट्ट्या केवढ्या, आवाज कसा, एका वेळी किती स्वर वाजतात, ह्यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही.

तिसऱ्या दिवशी परत गेले. काउंटरवरचा कीबोर्ड तिथेच होता. मालक म्हणाले, "तुम्हाला हेच मॉडेल दाखवलं होतं." माझ्याकडे काय पुरावा? मग चिठ्ठीच्या मागचा छापील मजकूर दाखवला, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी रडले नाही, पण बस स्टँडपर्यंत डोक्यावरून डबा आणताना पाय उचलत नव्हते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. तिथे नीट ऐकून घेतलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली जाते. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. म्हणजे ते छापील वाक्य दाखवलं म्हणून गप्प बसायचं कारण नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण माझ्या चिठ्ठीवर दुकानाचं नावच नाही, पैसेही रोख दिलेले. फोनवरून दिले असते तर निदान कुणाला गेले ते तरी दिसलं असतं.

आता मला जे कळलंय ते असं. डबा दुकानातच उघडून घ्या आणि जो उघडला तोच वाजवून घ्या. सील तुटेल म्हणाले तर दुसरं दुकान बघा. बिलावर कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि मशीनवरचा सिरीयल नंबर लिहून घ्या. मॉडेलमधला एकेक आकडा महत्त्वाचा असतो: यामाहाच्या पीएसआर-ई२७३ मध्ये बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलत नाही, ई३७३ मध्ये बदलतो. कॅसिओच्या सीटी-एस२०० मध्ये ही सोय नाही, सीटी-एस३०० मध्ये आहे. ही सोय नसलेला कीबोर्ड म्हणजे फसवणूक नव्हे, शिकायला तोही चालतो. पण सोय असलेला वाजवून दाखवायचा आणि नसलेला बांधून द्यायचा, ही फसवणूकच. खोक्यावर पॉलिफोनी किती ते वाचा. ई२७३ ला ३२ आहे, म्हणजे एका वेळी ३२ स्वर वाजू शकतात. आमच्या डब्यावर तो शब्दच नव्हता. आणि कुणाला वाजवता येत नसेल तरी सा-प धरून वरचे स्वर दाबून बघणं कुणालाही जमतं.

मुलगी सध्या शाळा सुटल्यावर तासभर बुवांच्या पेटीवर बसते. दुकानाच्या पत्त्यावर मी स्पीड पोस्टानं लेखी तक्रार पाठवली आहे, सोबत टेप लावून काढलेला पट्ट्यांचा फोटो आहे. अजून उत्तर आलेलं नाही. पोस्टाची पावती शिलाई मशीनच्या खणात जपून ठेवली आहे.