एकच टॉर्क रेंच घ्यायचा तर कुठला?
टॉर्क रेंच म्हणजे नट-बोल्ट ठरवलेल्या जोराने आवळायचा पाना. मी आधी सगळं हाताच्या अंदाजानेच आवळायचो, मग एकदा ऑइल बदलताना ड्रेन प्लगचे आटे गेले आणि अक्कल आली. आता क्लिकवाला (ठरवलेला जोर आला की 'टक' वाजणारा) अर्धा इंची (सॉकेट बसायचा चौकोन अर्ध्या इंचाचा) रेंच वापरतोय, ४० ते २०० न्यूटन मीटरचा (आवळायच्या जोराचं माप), आणि चाकांसाठी एकदम मस्त आहे, कारण बऱ्याच गाड्यांचे व्हील नट साधारण १०० ते १२० मध्ये बसतात म्हणजे रेंजच्या बरोब्बर मधे (तरी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघाच).

पण स्पार्क प्लगला हा चालत नाही हो! तिथे २०-२५ च्या आसपास लागतं, त्यासाठी ३/८ इंची छोटा वेगळा घ्या. क्लिकवाले रेंच रेंजच्या अगदी तळाला तेवढे भरवशाचे नसतात, त्यामुळे एकातच सगळं भागवू म्हणून १० ते २०० वगैरे लिहिलेलं बघून भुलू नका.

डिजिटल मित्राचा वापरून बघितला, छान आहे पण ऐनवेळी बॅटरी संपली की बसा. काटेवाला बीम टाइप स्वस्त, सहसा बिघडत नाही, फक्त गाडीखाली आडवं पडून काटा वाचायचा म्हणजे मान मोडते.

क्लिक झाला की थांबायचं, अजून एकदा 'टक' ऐकायला जोर लावायचा नाही, मी लावायचो. नट सोडवायला साधा पाना वापरा, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर स्प्रिंग सतत दाबलेली राहते.