जुने गोवे येथील असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च: सवडीने पाहावी अशी वास्तू

जुन्या गोव्याला येणारे बहुतेक पर्यटक बॉम जेझस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीचे दर्शन घेतात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये डोकावतात आणि तिथूनच माघारी फिरतात. त्याच कॅथेड्रलच्या पश्चिमेला असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च आहे. माझ्या मते त्या संपूर्ण परिसरात आतून पाहण्यासाठी याहून समृद्ध वास्तू नाही.

फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसने (झेवियर नव्हे) स्थापलेल्या संघाचे धर्मगुरू, गोव्यात १५१७ मध्ये आले आणि १५२१ मध्ये त्यांचे चर्च उभे राहिले. आज दिसते ती इमारत १६६१ ची आहे. मात्र पुनर्बांधणी करताना जुन्या चर्चचे प्रवेशद्वार जसेच्या तसे राखले गेले, आणि हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचे आपण ऋणी राहायला हवे. साध्या, संयत दर्शनी भागात आणि दोन्ही बाजूंच्या अष्टकोनी मनोऱ्यांच्या मधोमध बसवलेले हे द्वार पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅन्युएलाइन शैलीचे आहे. या शैलीचे अवशेष गोव्यात फार थोडे उरले आहेत. काळसर दगडातील कोरीव कामात राजचिन्ह, क्रूस आणि दर्यावर्दींच्या उपयोगाचे कड्याकड्यांचे खगोल-गोल दिसतात. समुद्रावर हुकूमत गाजवणाऱ्या सत्तेने आपली ओळख चर्चच्या उंबरठ्यावरच कोरून ठेवावी, ही गोष्ट मला त्या कोरीवकामाइतकीच बोलकी वाटते.

आत गेल्यावर प्रथम जाणवते ती रचनेची मोकळीक. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा लावून पडव्या काढलेल्या नाहीत. एकच लांबरुंद सभागृह आहे आणि त्यावर फासळीदार कमानींचे छत आहे. छताचा भार पेलणाऱ्या आधारभिंती इमारतीबाहेर न ठेवता आत घेतल्या आहेत. त्यांच्यामधल्या जागेत प्रत्येक बाजूला तीन छोटी प्रार्थनास्थळे बसवली आहेत आणि वरून सज्जा नेला आहे. बांधकामाची निकड म्हणून आलेल्या याच जाड भिंती चित्रकारांना रंगवण्यासाठी मिळाल्या. त्यांवर फुले, पाने आणि वळणावळणाने चढत जाणाऱ्या वेली इतक्या दाट भरल्या आहेत की काही ठिकाणी कलमकारीचे कापड भिंतीवर ताणून बसवल्याचा भास होतो. भित्तिचित्रे म्हटले की आपण प्रसंग आणि माणसे शोधू लागतो. इथे ती अपेक्षा बाजूला ठेवून एखादी वेल खालून वरपर्यंत नजरेने निरखत न्यावी. रंग आता फिके पडले आहेत, कुठे कुठे उडालेही आहेत. अरबी समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेत चुन्याच्या गिलाव्यावरचे काम इतके टिकले, याचेच मला अधिक मोल वाटते.

प्रसंगचित्रे पाहायची असतील, तर मुख्य वेदीकडे जावे. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाकडी फलकांवर रंगवलेली मोठी चित्रे आहेत आणि त्यांत संत फ्रान्सिसच्या जीवनातील घटना आल्या आहेत. मधली सोनेरी, बरोक या भरजरी युरोपीय शैलीतील वेदी भव्य आहे. तिच्यावर क्रूसावरचा येशू आणि संत फ्रान्सिस यांच्या मोठ्या मूर्ती असून खाली दारिद्र्य, विनय आणि आज्ञापालन ही व्रते कोरली आहेत. दारिद्र्याचे व्रत इतक्या सोन्याच्या सान्निध्यात वाचताना मन क्षणभर अडखळते, हे खरे. पण भक्तांनी आपल्या संताला जे उत्तमातले उत्तम ते अर्पण केले, असेच मी मानतो. चालताना पायांखालीही लक्ष असू द्यावे, कारण फरशीत घराण्यांची मानचिन्हे कोरलेले थडग्यांचे दगड बसवलेले आहेत.

१८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले आणि चर्चला लागून असलेला फ्रान्सिस्कनांचा मठ ओस पडला. त्याच मठात आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. व्हाइसरॉय व गव्हर्नरांच्या तसबिरींची रांग आणि गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो दे अल्बुकर्कचा पुतळा तिथे आहेच; परंतु महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी वीरगळ आणि सतीशिळा आवर्जून पाहाव्यात. आपल्याकडच्या गावोगावच्या देवळांबाहेर दिसणारीच ही परंपरा आहे.

संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे तो दिवस टाळावा. सहलीच्या गाडीने जाणार असाल, तर बासिलिका आणि कॅथेड्रलबरोबर या चर्चसाठी निदान तासभर स्वतंत्र ठेवण्याविषयी आयोजकांशी आधीच बोलून घ्यावे.