प्राचीन हवामान कशावरून कळेल: पानाचा जीवाश्म की परागकण?
आपल्या इंदूरची काळी माती ज्या बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाची, झीज होऊन बनली, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. अशा लाव्हाथरांमधल्या गाळात ताडवर्गीय झाडांचे जीवाश्म सापडतात. प्राचीन हवामान जाणून घ्यायला मी पानालाच कौल देईन. परागकण चिवट आणि विपुल असल्याने वनराजीतील बदलांचा सलग आलेख त्यांतूनच मिळतो, हे खरे. पण वारा त्यांना दूरवरून आणतो. पान बहुधा गळते तिथल्या आसपासच गाडले जाते. शिवाय अखंड कडांच्या पानांचे प्रमाण उष्ण प्रदेशांत अधिक असते, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की अनेक वनस्पतींची पर्णरंध्रे (पानावरची श्वसनाची सूक्ष्म छिद्रे) विरळ होतात. ती मोजायची तर मात्र पानाची त्वचा टिकलेली हवी. नुसता ठसा सहसा पुरत नाही.