इराणला जाण्याआधी हे पान वाचा: ब्रिटन सरकारच्या प्रवास-सल्ल्याचा अनुभव

सेवा: ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचा परदेश-प्रवास सल्ला, इराणचं पान. मोफत. माझे गुण ५ पैकी ४.

मी मूळची मिरजेची. लंडनमध्ये हॅरोला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. माझ्या शेजारी बसणारी सहकारी शिराझची आहे. तिच्याकडे दोन पासपोर्ट आहेत, एक इराणचा आणि एक ब्रिटनचा. २०२४ च्या नोव्हेंबरात तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि ती तिकिटं बघायला लागली. एका एजंटाने तिला फोनवर सांगितलं, "इराणी पासपोर्टवर आत जा, काही होत नाही." ऐकून माझ्या पोटात गोळा आला. दुपारी डबा बाजूला सारून आम्ही दोघींनी सरकारचं पान उघडलं.

पानाची मोठी जमेची बाजू म्हणजे ते आडपडदा ठेवत नाही. इराणला अजिबात जाऊ नका, हे अगदी वरच सांगितलेलं. ब्रिटिश आणि ब्रिटिश-इराणी नागरिकांना अटक, चौकशी, कैद यांचा मोठा धोका आहे. ब्रिटिश पासपोर्ट असणं किंवा ब्रिटनशी संबंध असणं एवढंच कारण अटकेला पुरेसं ठरू शकतं. सरकारी कागदावर इतकं उघड वाक्य मी क्वचितच वाचलं आहे. ज्या पासपोर्टसाठी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालतात, तोच पासपोर्ट तुम्हाला गोत्यात आणेल, असं तो देणारं सरकारच सांगतंय.

एजंटाचं म्हणणं नियमाला धरून होतं, हेही तिथेच कळलं. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून इराणी माणसाला इराणी पासपोर्टवरच आत जावं लागतं. पण आत गेल्यावर तुम्ही त्यांच्या लेखी फक्त इराणी. तुरुंगात ब्रिटनचा वकिलातवाला भेटायला येऊ द्यायची त्यांना गरज वाटत नाही. एजंटाने दार दाखवलं, दारामागचं सांगितलं नाही.

सहकारी म्हणाली, "पण मी कुठे राजकारणात आहे?" एक गुण मी इथेच कापला. पानावर धोका आहे, पण माणूस नाही. एकही प्रकरण नावानिशी दिलेलं नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं हे कुणा पत्रकारासाठी, कुणा कार्यकर्त्यासाठी लिहिलंय. मग मी तिला लंडनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश-इराणी नाझनीन झगारी-रॅटक्लिफची हकिकत सांगितली. नाझनीन नवरोजसाठी, म्हणजे इराणी नववर्षासाठी, २२ महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी गेली होती. परत निघताना, ३ एप्रिल २०१६ ला, तेहरानच्या विमानतळावर तिला धरलं. लेकीचा ब्रिटिश पासपोर्ट काढून घेतला. ती पोर आजी-आजोबांकडे वाढली आणि वडिलांकडे लंडनला यायला तिला ऑक्टोबर २०१९ उजाडला. आईला सुटायला १६ मार्च २०२२.

आणि सुटका झाली कशी? शहाच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या, काळात इराणने ब्रिटनकडून चीफटन रणगाडे मागवून पैसे आगाऊ भरले होते. १९७९ ला क्रांती झाली, बहुतेक रणगाडे गेलेच नाहीत, पैसे ब्रिटनकडे राहिले. ते सुमारे ३९.४ कोटी पौंड ब्रिटनने फेडले आणि त्याच सुमारास नाझनीन व तिथे कैदेत असलेले आणखी एक ब्रिटिश-इराणी, अनुशेह अशुरी, घरी आले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असंच ब्रिटन वर्षानुवर्षं म्हणत आलं होतं. नाझनीन जन्मलीही नव्हती तेव्हाच्या व्यवहारासाठी तिची सहा वर्षं गेली! याला मी ओलीस ठेवणंच म्हणेन, दुसरा शब्द मला सुचत नाही.

तिचा नवरा २०२१ च्या शरदात परराष्ट्र खात्याच्या दारात तंबू ठोकून २१ दिवस उपाशी बसला होता. मी ड्युटी संपवून एकदा तिथे गेले होते. थंडी मी म्हणत होती. मला काही बोलता आलं नाही, नुसती उभी राहिले.

पकडलं गेल्यावर सरकार काय करेल, हे मात्र या पानावर नीट कळत नाही. त्यासाठी परदेशातल्या नागरिकांना मिळणाऱ्या मदतीची वेगळी पुस्तिका शोधावी लागते. ती शोधाच. तिच्यात साफ लिहिलंय की वकिलातीची मदत हा कायदेशीर हक्क नाही, आणि तुम्ही ज्या दुसऱ्या देशाचे नागरिक आहात तिथे एरवी मदत मिळत नाही. याचं मूळ जुनं आहे. नागरिकत्वाबद्दलच्या १९३० च्या हेग करारातही हेच तत्त्व होतं. २०१९ मध्ये ब्रिटनने नाझनीनला राजनैतिक संरक्षण दिलं, म्हणजे तिचं प्रकरण दोन देशांमधला वाद मानलं, तरी तिला आणखी तीन वर्षं लागली.

आपल्या लोकांसाठी एक सांगते. ओसीआय कार्डाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) आपण सर्रास दुहेरी नागरिकत्व म्हणतो, ते तसं नाही. भारत दुसरं नागरिकत्व ठेवू देत नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतल्यावर आपण भारतात जातो ते ब्रिटिश म्हणूनच. तेव्हा भारतीय पासपोर्ट परत करताना मी रडले होते. माझ्या सहकारीला मात्र हे असं एका बाजूला होणंच शक्य नाही, कारण इराण आपलं नागरिकत्व सहजासहजी सोडू देत नाही.

विम्याचंही पानावर आहे: सल्ल्याविरुद्ध गेलात तर प्रवास विमा रद्द ठरू शकतो. हे तिकीट काढण्याआधी वाचा.

ती गेली नाही. जानेवारीत वडील गेले. दफन तिने आमच्या चहाच्या खोलीत, फोनच्या पडद्यावर पाहिलं, मी दार लावून बाहेर उभी होते. पान बदललं की ईमेल येण्याची सोय आहे, ती आम्ही दोघींनी लावून घेतली आहे. ईमेल आला की ती आधी माझ्याकडे बघते, मग उघडते. तिची आई अजून शिराझलाच आहे.