४० ते ४७ मध्ये केसरबाई उजवीकडे सरकतात: रिलेवाल्या प्रीअँपसोबत एक पावसाळा काढल्यावर

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वितरकाशी अजून मेलामेली चालू आहे, त्यात नवीन लचांड नको. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील: चंदेरी कॅबिनेट, मधोमध एकच मोठा नॉब, निळा डिस्प्ले, दोन एक्सएलआर तीन आरसीए जोडण्या, टर्नटेबल थेट लावायचा फोनो नाही, किंमत दोन लाखांच्या वर. डिस्टॉर्शनचे आकडे सगळ्यांनी वाचलेत, ते परत टाइप करत नाही. मी लिहिणार आहे ते फक्त व्हॉल्यूमबद्दल. हो, एवढ्या पैशांच्या वस्तूत माझं सगळं लक्ष व्हॉल्यूमवरच आहे, आणि प्रीअँप म्हणजे तसंही दुसरं असतं काय, चार इनपुटातून एक निवडायचा आणि आवाज कमीजास्त करायचा.

आधी "प्रीअँप हवाच कशाला, डॅकला व्हॉल्यूम आहे ना" म्हणणाऱ्यांसाठी. मी तसंच ऐकत होतो, डॅक (डिजिटल संगीताचा सिग्नल करणारा डबा) थेट पॉवर अँपला (स्पीकर चालवणारा). डिजिटल व्हॉल्यूमनं दर ६ डीबीला (डेसिबल, आवाजाचं माप) एक बिट जातो वगैरे जे म्हणतात त्याचा मी बाऊ करत नाही, २४ बिटात तेवढी ऐपत असते. माझा प्रॉब्लेम वेगळा होता. फोंड्याला आमच्या भागात वीज जाते आणि लगेच येते, आणि आली की माझा डॅक फिक्स्ड आउटपुटवर उठायचा, म्हणजे पूर्ण ४ व्होल्ट सरळ पॉवर अँपमध्ये. पॉवर अँपचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवणं, २८ डीबी, म्हणजे पंचवीसपट. एकदा रात्री असं झालं तेव्हा आई देवाचं नाव घेत उठली आणि ट्वीटर कसे वाचले मला माहीत नाही. शिवाय टीव्ही आहे, टर्नटेबलचा फोनो स्टेज आहे, हे सगळं कुठे जोडणार.

मग मधे काही दिवस जुना इंटिग्रेटेड (प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच डब्यात) काढला आणि त्याचा प्रीआउट, म्हणजे फक्त प्रीअँपचा भाग, वापरला. तिथं दुसरं दुखणं. मी ऐकतो मुख्यतः रात्री, घर झोपल्यावर, हळू आवाजात, आणि ऐकतो काय तर जुनं मोनो. केसरबाई केरकर, मोगुबाई कुर्डीकर, अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं. मोनोचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध यायला हवा, तिथं लपवाछपवी चालत नाही. स्टिरिओत थोडं इकडेतिकडे झालं तर कळत नाही, मोनोत लगेच कळतं. आणि साध्या पॉटमध्ये, म्हणजे नेहमीच्या फिरत्या व्हॉल्यूममध्ये, एकाच दांड्यावर डाव्या-उजव्याचे दोन वेगळे ट्रॅक असतात, ते तळाला, म्हणजे पन्नास-साठ डीबी खाली, एकमेकांशी जुळत नाहीत, दोन-तीन डीबीचा फरक सहज पडतो. आल्प्सचा निळा पॉट चांगलाच, पण तळाला तोही अगदी जुळेल याची खात्री नाही. माझ्याकडे आठ वाजायच्या जागी नॉब ठेवला की गाणं डावीकडे, नऊला आणला की मधे, पण नऊला आई उठते.

म्हणून ठरवलं, घ्यायचा तर रिलेवाला. यात पॉट नसतोच, दर चॅनेलला (डाव्या-उजव्या बाजूला) रिलेंची, म्हणजे विजेनं चालणाऱ्या छोट्या स्विचांची, रांग असते आणि प्रत्येक रिले ठरावीक रेझिस्टरची जोडी सर्किटमध्ये घालतो नाहीतर बाहेर काढतो. बेंचमार्कच्या एलए४ मध्ये अशा अर्ध्या-अर्ध्या डीबीच्या २५६ पायऱ्या आहेत, शीट कंपनीच्या फ्रेया प्लसमध्ये १२८. माझ्यातही ० ते १२७, अर्ध्या डीबीची एक पायरी, चॅनेलला सात रिले, एकूण चौदा. मडगावला एका मित्राकडे ट्यूबवाला ऐकला होता, ६एसएन७ च्या व्हॅक्यूम नळ्या, आवाज लोण्यासारखा, पण नळ्यांची जोडी बदलायचा खर्च ऐकला आणि लोणी तिथंच ठेवलं.

आल्या दिवशी रात्री लावला आणि खरं सांगतो, गाणं बरोबर मधे. अगदी कमी आवाजात, समोरच्या भिंतीवर खिळा ठोकावा तिथं. बाकी आवाजाबद्दल विचाराल तर काही नाही, म्हणजे स्वतःचं काहीच घालत नाही, त्याचेच पैसे दिलेत. कंपनीनं गेन १२ डीबीवर ठेवून पाठवला होता, त्यामुळे रात्री मी २० आकड्यावर ऐकायचो, वरची सगळी जागा वाया. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मागचा स्विच ० डीबीवर टाकला, १२ डीबी म्हणजे चोवीस पायऱ्या, तर रात्रीचा माझा आकडा झाला ४४ आणि दिवसाचा ८० च्या पुढे. ज्यांच्याकडे एक्सएलआरमधून ४ व्होल्ट देणारा डॅक आहे त्यांनी हे पहिल्याच दिवशी करा.

तक्रार एकच: टकटक. नॉब फिरवला की आतून रिले वाजतात. शोरूममध्ये एसीच्या घरघरीत ऐकू येत नाही, रात्री अकरा वाजता चिऱ्याच्या भिंतींच्या खोलीत येते. बायको म्हणाली, "अहो, पाल चुकचुकली की काय?" आणि टकटक सारखी नाही, कधी बारीक 'टिक', कधी 'टकाक'. ३१ वरून ३२ ला जोरात, ६३ वरून ६४ ला सगळ्यात जोरात. महिनाभर मी हेच करत होतो, गाणं बंद आणि नॉब फिरवत बसलोय. पुतण्या फर्मागुडीला इंजिनीअरिंगला आहे, तो आला होता, त्यानं दोन मिनिटं ऐकलं आणि हसायला लागला. "काका, हे बायनरी आहे. सात रिले म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२, ६४. ६३ म्हणजे खालचे सहा चालू, ६४ म्हणजे ते सहाही बंद आणि वरचा एक चालू. सातही एकदम हलतात, दोन्ही चॅनेलचे मिळून चौदा." मग मला ती टकटक आवडायला लागली हे बायकोला अजून पटत नाही.

इथपर्यंतचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'डोळे झाकून घ्या' असंही होतं. ते वाक्य काढून टाकलंय. पुढचं वाचा.

गोव्यातला पाऊस माहीत आहे, जून ते सप्टेंबर मिळून ३००० मिमीच्या आसपास, आणि आमच्याकडे कौलारू घर, जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते. जुलैतच एका रात्री केसरबाई उजवीकडे सरकल्या. आधी वाटलं माझा कान भरलाय. मग केबल बदलल्या, डावी-उजवी आलटून-पालटून लावली, पॉवर अँप बदलून पाहिला, काही फरक नाही, म्हणजे दोष प्रीअँपचाच. दिवसा ऐकलं तर सगळं ठीक. रात्री ४४ ला लावलं की परत उजवीकडे. १९७७ साली व्हॉयेजर यानावर बसून अंतराळात गेलेला आवाज, बाई आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, आणि माझ्या हॉलमध्ये मात्र अर्धा हात जागेवरून हललेल्या.

वितरकाच्या सर्व्हिसला फोन. तिथल्या मुलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, बॅलन्स कंट्रोल वापरून बघा ना." वापरला. ४४ ला मधे आला, आणि ४८ ला डावीकडे गेला. हे सांगितलं तर म्हणाला, "मग सर ४८ वरच ऐका." ४४ आणि ४८ मध्ये दोन डीबी आहेत हो, रात्री दोन डीबी म्हणजे काय ते आमच्या आईला विचारा.

पुतण्याला फोनवर सांगितलं, तर त्यानं मला एकेक आकडा लावून कागदावर लिहायला लावलं, मधे की उजवीकडे. ३२ ते ३९ मधे. ४० ते ४७ उजवीकडे. ४८ ते ५५ मधे. ५६ ते ६३ उजवीकडे. खाली २४ ते ३१ तसंच. ८० ते ८७ मधे, म्हणून दिवसा कळत नव्हतं. तो म्हणाला, "झालं, ८ चा रिले. डाव्या चॅनेलचा ८ चा रिले ओढत नाहीये." आठ पायऱ्या गुणिले अर्धा म्हणजे ४ डीबी, डावा तेवढा खाली राहतो म्हणून गाणं उजवीकडे. ज्या आकड्यात आठाचा बिट चालू तिथं घोळ. आणि मग आठवलं, ३९ वरून ४० ला जाताना डाव्या बाजूची टकटक हल्ली नीट येतच नव्हती. ज्या टकटकीवर मी महिनाभर करवादत होतो तिनंच सांगितलं असतं.

हे सगळं मेलमध्ये व्यवस्थित लिहून पाठवलं, तक्त्यासकट. उत्तर आलं: युनिट पाठवा, कुरिअर दोन्ही बाजूंचं तुमचं, आणि ओरिजिनल बॉक्समध्येच पाठवा. बॉक्स माळ्यावर होता. खाली काढला तर अर्धा वाळवीनं खाल्लेला, थर्मोकोल तेवढा शाबूत. नवीन बॉक्स विकत मिळेल म्हणाले, त्याची किंमत ऐकून मी एकदा फोन कानापासून लांब धरला. तरी फोटो पाठवले, तर पुढचा मेल: फोटोत स्क्रूंवर गंज दिसतोय, दमटपणामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, अटेन्युएटर (आवाज कमीजास्त करणारा) बोर्ड पूर्ण बदलावा लागेल, अंदाजे खर्च अमुक. अमुकच्या जागी आकडा लिहीत नाही, त्यात चांगला इंटिग्रेटेड येतो. एक रिले ओढत नाही म्हणून चौदा रिलेंचा बोर्ड. आणि समुद्रकाठच्या राज्यात वस्तू विकताना यांना दमटपणा माहीत नव्हता?

वॉरंटी त्यांनीच संपवली म्हटल्यावर सील जपायचं कारण उरलं नाही. आमच्याकडे जत्रेतल्या नाटकांना साउंड लावणारे एक काका आहेत, मिक्सर स्वतःच उघडतात. त्यांच्याकडे घेऊन गेलो. किंमत सांगितली नाही, सांगितली असती तर त्यांनी हात लावला नसता. "दवर थंय, पळयतां" (ठेव तिथं, बघतो), म्हणाले आणि चहा संपेपर्यंत बघितलंच नाही. मग उघडून भिंग लावलं, पुतण्याचा कागद शेजारी ठेवला, मोजत चौथ्या रिलेपाशी आले. कॉइलच्या एका पायाला हिरवा गंज, सोल्डरला भेग. रिलेला वीजच नीट पोचत नव्हती. सोल्डर साफ करून नवीन ओतलं, टक् झालं, तरी म्हणाले काढलाच आहे तर नवीन टाकू. सिग्नल रिले शे-दीडशेची वस्तू, पण मागवताना सोन्याचा मुलामा असलेल्या काँटॅक्टचाच मागवा असं बजावलं. स्पीकरच्या रिलेतून मोठा करंट जातो, तो काँटॅक्टवरची पुटं जाळून टाकतो, इथं मिलिव्होल्टांचा खेळ, साध्या काँटॅक्टवर पातळ थर चढला की संपलं. मजुरी किती म्हटलं तर म्हणाले, दोनशे द्या. मी पाचशे दिले आणि ते ओशाळले.

त्या रात्रीपासून ४४ ला गाणं परत मधे.

आता मी काय करतो ते सांगतो, दमट भागात राहणाऱ्यांना उपयोगी पडेल. पावसाळ्यात प्रीअँप बंद करत नाही. माझ्या प्लग-मीटरवर २५ वॉट दिसतात, म्हणजे दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८, हा खर्च मला बोचतो पण कॅबिनेट कोमट राहतं आणि आत ओल धरत नाही. वीज कडाडायला लागली की मात्र प्लग सरळ भिंतीतून काढायचा, स्विचवर विश्वास नाही, आणि टीव्हीच्या डिशची केबलही काढायची. (त्या केबलमुळे ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थिंग) होऊन घूं असा हमही यायचा, काढली की गायब, प्रीअँपला शिव्या देण्याआधी हे बघा.) दर रविवारी एकदा नॉब ० पासून पुढे थेट १२७ पर्यंत फिरवतो, पॉवर अँप बंद ठेवून, म्हणजे सगळे रिले हलतात. चवथीला घरी पाहुणे होते तेव्हा हे करत होतो, चुलत भाऊ म्हणाला आरती चाललीय, तुझं टकटक काय चाललंय.

निळ्या डिस्प्लेबद्दल लिहायचं राहिलं. अंधारात डोळ्यात घुसतो, सगळ्यात मंद ठेवला तरी. इलेक्ट्रिकची काळी टेप लावलीय. दोन लाखांच्या वस्तूवर दहा रुपयांची टेप, पण आकडा मला आता कानानंच कळतो.

घ्यावा का? रिलेवाला घ्या, हाच असं नाही. घेण्याआधी वरचं झाकण किती स्क्रूंनी निघतं आणि आतले रिले बाजारात मिळणारे आहेत का ते विचारा. दुकानदार चेहरा वाकडा करेल, करू दे. आणि बॉक्स माळ्यावर ठेवू नका.

गेल्या आठवड्यात त्याच वितरकाकडून परत फोन होता, दुसरा मुलगा, भलताच गोड. "सर, आपल्या युनिटसाठी एक्स्टेंडेड वॉरंटीची ऑफर आहे." मी विचारलं, त्यात दमटपणा धरलाय का? म्हणाला, "विचारून सांगतो सर." अजून विचारतोय.