‘नाइट वॉच’चा ७१७ अब्ज पिक्सेलचा फोटो: अभ्यासाला किती कामाचा?

अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाने डच चित्रकार रेम्ब्रांटच्या या १६४२ मधल्या चित्राचा फोटो २०२२ मध्ये संकेतस्थळावर मोफत खुला केला. ८,४३९ फोटो जोडून तो तयार झालाय. दोन पिक्सेलमधलं अंतर फक्त ५ मायक्रोमीटर, म्हणजे मूळ कॅनव्हासच्या एका मिलिमीटरला २०० पिक्सेल. कलेतिहास शिकणाऱ्यासाठी हे घबाडच आहे! चित्राच्या मधोमध असलेल्या कप्तानाच्या डोळ्यापर्यंत जा. शेजारी शेजारी ठेवलेले रंगाचे ठिपके आणि त्यांना छेदून गेलेले बारीक तडे सुटे सुटे दिसतात.

इथेच नवखे फसतात, तड्यालाच कुंचल्याची रेघ समजतात. ओळखायची खूण सोपी: फटकारा आकाराच्या कडेला थांबतो किंवा वळतो, तडा मात्र गालावरून थेट गडद पार्श्वभूमीत शिरतो.

मर्यादाही आहेत. कप्तानाशेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावरचे जाड, उठावदार थर इथे बरेच सपाट वाटतात. रंगाच्या जाडीवर केवळ या फोटोवरून लिहू नका. मोठं करताना मापाचं भानही सुटतं. म्हणून टिपणात प्रत्येक तपशिलाची खरी लांबी मिलिमीटरमध्ये लिहा: पूर्ण आकारात पिक्सेल मोजा, २००ने भागा. मोठं करताना आधी धूसर दिसणारे फोटोचे तुकडे स्पष्ट होईपर्यंत स्क्रीनशॉट घेऊ नका.

रचनेवर लिहिणार असाल तर आणखी एक. १७१५ मध्ये हा कॅनव्हास चारही बाजूंनी कापला गेला, डावीकडून सर्वांत जास्त. त्यामुळे आजची डावी कड रेम्ब्रांटची नव्हे. कापण्याआधी खेरिट लुंडेन्स या चित्रकाराने केलेली छोटी प्रत शेजारी उघडूनच मांडणीबद्दल बोला.