एकाच प्रवासाचे पैसे असतील तर: रेस ऑफ चॅम्पियन्स की फॉर्म्युला वन?

मार्च २०२५मध्ये ऑस्ट्रेलियात आठवड्याच्या अंतराने दोन मोठ्या शर्यती झाल्या. ७ आणि ८ तारखेला सिडनीच्या अ‍ॅकॉर स्टेडियममध्ये रेस ऑफ चॅम्पियन्स, म्हणजे वेगवेगळ्या मोटर शर्यतींतल्या नामवंत ड्रायव्हरांची आपसातली स्पर्धा, आणि १६ तारखेला मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कवर फॉर्म्युला वनची ग्रां प्री, म्हणजे त्या मोसमातली एक शर्यत. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याने किंवा तिथेच राहणाऱ्या मराठी कुटुंबाने दोहोंतलं एकच निवडायचं, तर आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला गाडी बघायचीय की ड्रायव्हर?

फॉर्म्युला वनमध्ये दहा संघ होते आणि दहाही संघांच्या गाड्या वेगळ्या. मागच्या रांगेतल्या संघाचा ड्रायव्हर कितीही जिवापाड चालवो, गाडीत वेग नसेल तर तो मागच्या नंबरांतच दिसतो. रेस ऑफ चॅम्पियन्समध्ये समोरासमोर येणाऱ्या दोघांना त्या धावेपुरती एकाच प्रकारची गाडी मिळते. पुढच्या धावेला गाडी बदलते. कधी उघडी बग्गी, कधी रॅलीक्रॉसची छोटी गाडी, कधी रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारचं शर्यतीसाठी बनवलेलं रूप. सरावाला मोजक्या फेऱ्या मिळतात, त्यामुळे ब्रेक कुठे पकडतो आणि मागची चाकं कधी घसरू लागतात हे ज्याला लवकर कळतं तो पुढे जातो. निव्वळ माणसाचं कसब उघड्यावर दिसावं असा प्रकार मोटर स्पोर्टमध्ये याच्याइतका दुसरा नाही.

सुरुवात १९८८ची. रॅलीपटू मिशेल मूतों आणि फ्रेड्रिक जॉन्सन यांनी रॅली ड्रायव्हर हेन्री टोइव्होनेनच्या स्मरणार्थ ही स्पर्धा उभी केली. (रॅलीत कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर एकेक गाडी घड्याळाशी शर्यत करते.) टोइव्होनेन १९८६च्या कॉर्सिका रॅलीत अपघातात मरण पावला होता. बरीच वर्षं ती स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर मातीच्या ट्रॅकवर भरायची आणि जिंकायचे रॅलीवाले. २००४मध्ये ती पॅरिसच्या स्ताद द फ्रान्समध्ये आली, मैदानावर डांबर पडलं आणि सर्किटवर, म्हणजे बंद डांबरी ट्रॅकवर वाढलेल्या हाइकी कोव्हालाइनेनने अंतिम फेरीत रॅलीतल्या सेबास्तियन लोबला हरवलं.

स्टेडियममधला ट्रॅक नीट समजून घ्या, कारण तिकिटाचे पैसे वसूल होणं त्यावर आहे. दोन समांतर लेन असतात, एक आतली, एक बाहेरची. मध्ये एक पूल असतो. आतल्या लेनमधून सुटलेली गाडी फेरी संपवून पुलामुळे बाहेरच्या लेनमध्ये जाते, बाहेरची आत येते. दोघांनीही दोन्ही लेन पूर्ण केल्या की अंतर सारखं होतं. त्यामुळे ओव्हरटेकिंग असा प्रकारच नसतो. दोन गाड्या शेजारी उभ्या, लाल दिवे विझतात आणि इथेच पहिला निकाल लागतो. धाव इतकी छोटी असते की सुटताना चाकं जागच्या जागी फिरत राहिली, तर गेलेला वेळ पुढे भरून काढायला जागा उरत नाही. दिवे विझायच्या आधी हलला किंवा भिंतीला ठोकर मारली तर दंड आहेच.

नवख्या प्रेक्षकाचा घोळ हमखास होतो तो पहिल्या फेरीत. आतल्या लेनची गाडी पुढे दिसते, लोक ओरडतात, आणि लेन बदलल्यावर चित्र उलटतं. लेनची लांबी आणि वळणं वेगळी असल्यामुळे अर्ध्या वाटेवर डोळ्यांना दिसणारी आघाडी खरी नसते. खरा फरक मोठ्या पडद्यावरच्या सेकंदांत वाचायचा. म्हणून खालच्या रांगांचं महाग तिकीट घेऊ नका. तिथून जवळची लेन, काँक्रीटची भिंत आणि उडणारं रबर दिसतं, पण मैदानाचा पलीकडचा भाग पुलाआड जातो. मधल्या किंवा वरच्या टप्प्यात, स्टार्ट-फिनिश रेषेच्या बाजूला आणि पडदा समोर येईल अशी जागा घ्या. आसनांचा नकाशा उघडून पुलाची जागा आधी शोधा, मग पैसे भरा.

ट्रॅकवर काय बिघडतं? डांबर त्या कार्यक्रमापुरतं टाकलेलं असतं. नव्या डांबराला पकड कमी असते. टायरमध्ये ऊब यायच्या आत धाव संपते. गाड्या जिथून जातात तिथे रबर चिकटून पट्टा तयार होतो, त्या पट्ट्याच्या हातभर बाहेर गेलं तरी गाडी घसरते, आणि पलीकडे लगेच भिंत. मोकळी जागा सोडायला स्टेडियममध्ये वावच नसतो. २०१७ला मायामीच्या बेसबॉल स्टेडियममध्ये जर्मनीच्या पास्कल वेरलाइनची गाडी उलटली, मान दुखावली आणि त्याला फॉर्म्युला वनच्या त्या मोसमातल्या पहिल्या दोन शर्यती सोडाव्या लागल्या. जोडीदार नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी नेशन्स कपमध्ये, म्हणजे देशांच्या जोड्यांच्या स्पर्धेत, जर्मनीच्या सगळ्या धावा सेबास्तियन व्हेटेलने एकट्याने केल्या आणि कप जिंकला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तिन्ही वर्षं ज्याला जिंकताना आपल्या लोकांनी पाहिलं, तोच हा व्हेटेल. मायामीत त्याच्याकडे स्वतःच्या संघाची गाडी नव्हती, इंजिनिअरांचा ताफा नव्हता, आणि तरीही तो तसाच भिडला. या स्पर्धेचं मोल सांगायला एवढं एक उदाहरण पुरतं.

आता मेलबर्नची बाजू. अल्बर्ट पार्कची एक फेरी ५.२७८ किलोमीटरची आणि शर्यत ५८ फेऱ्यांची. तुम्ही एका वळणावर बसता. गाडी येते, ब्रेक मारते, गेली. पुढची सव्वा-दीड मिनिटं तिचं काय चाललंय ते पडद्यावर. पण जे दिसतं ते दुसरीकडे कुठे दिसणार नाही. ताशी तीनशेच्या आसपासचा वेग शंभरेक मीटरमध्ये उतरवणारं ब्रेकिंग टीव्हीवर अजिबात कळत नाही, ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. शिवाय डावपेच असतात: कोण कधी पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) जातो, कुठले टायर लावतो, पाऊस आला तर कोण आधी बदलतो. २०२५ला तिथे पाऊसच आला. इसाक हाजार तर शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीत भिंतीवर गेला, आणि शेवटी लँडो नॉरिस जिंकला. असं नाट्य दीड-दोन तास उलगडत जातं. स्टेडियमच्या छोट्या धावांत ती खोली नाही आणि ते आधीच मान्य करून तिकीट काढावं.

अल्बर्ट पार्कला स्टॅंड निवडायचा तर सरळ पट्टा जिथे संपतो आणि जोरात ब्रेक लागतो तिथला निवडा. तिसरं वळण त्यातलं एक, २०१६ला फर्नांडो अलोन्सोचा प्रचंड अपघात तिथेच झाला होता. जनरल अ‍ॅडमिशन स्वस्त पडतं, पण जागा राखीव नसते. सकाळी गेट उघडताना पोचायचं, टेकाडावर चादर टाकायची आणि दिवसभर ती सांभाळायची. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर हे झेपत नाही. चार दिवस मिळून साडेचार लाखांवर माणसं येतात, त्यामुळे ट्रामपर्यंतची चालसुद्धा धरून चाला. स्टेडियमला नंबराची खुर्ची असते, स्वच्छतागृह जवळ असतं आणि ट्रॅक सगळा डोळ्यांसमोर. मुलांना घेऊन जायचं तर स्टेडियमच. फक्त कानांवर लावायचे मफ दोन्हीकडे न्या.

स्टेडियमला दोन दिवसांतला एकच दिवस परवडत असेल तर? एका दिवशी देशांच्या जोड्यांचा नेशन्स कप, दुसऱ्या दिवशी वैयक्तिक स्पर्धा. क्रम दर वेळी तोच नसतो. मायामीत वैयक्तिक स्पर्धा आधी झाली होती, त्यामुळे वेळापत्रक पाहिल्याशिवाय दिवस ठरवू नका. आमचा कौल नेशन्स कपला. जर्मनीसाठी मिखाएल शूमाकर आणि व्हेटेल या जोडीने २००७ ते २०१२ असा सलग सहा वेळा तो जिंकला. स्वीडनमध्ये पेटर आणि ऑलिव्हर सोल्बर्ग ही बाप-लेकाची जोडी नॉर्वेकडून जिंकली. आपल्यासाठी जवळची गोष्ट म्हणजे २०१२ला बँकॉकमध्ये नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक यांनी आशियाई संघांची स्पर्धा भारताला जिंकून दिली होती. वैयक्तिक दिवशी मात्र रॅलीवाला विरुद्ध सर्किटवाला हा सामना निखळ दिसतो. सिडनीत लोबने ऑस्ट्रेलियन सुपरकार्स या सर्किट शर्यतींतल्या चाझ मॉस्टर्टला अंतिम फेरीत हरवलं.

याच स्पर्धेचं बर्फावरचं रूप २०२२ आणि २०२३ला स्वीडनच्या पिटेओजवळ, गोठलेल्या समुद्रावर झालं. तिथे टायरला खिळे असतात आणि गाडी वळणाच्या कितीतरी आधी आडवी करावी लागते. दोन्ही वेळा अंतिम फेरीत फॉर्म्युला वनवाला पोचला आणि हरला: व्हेटेल लोबकडून, मिक शूमाकर मॅटियास एक्स्ट्रॉमकडून. डांबरावर मात्र कुल्थार्ड, व्हेटेल, मोंतोया हे फॉर्म्युला वनवाले जिंकले आहेत. म्हणजे सर्किटवाल्यांना खरी संधी स्टेडियममध्येच. बर्फावरची स्पर्धा बघायला सुंदर, पण आपल्याकडच्या माणसाने उत्तर स्वीडनच्या थंडीत तासन्‌तास उभं राहण्याची तयारी असेल तरच तिचा विचार करावा.

निर्णयात सगळ्यात जड पारडं तारखांचं. ग्रां प्रीचं वेळापत्रक आदल्या वर्षीच लागतं, मेलबर्नची तारीख धरून सहा-आठ महिने आधी विमान काढता येतं. रेस ऑफ चॅम्पियन्सचं तसं नाही. २०१३ची बँकॉकची स्पर्धा तिथल्या राजकीय अशांततेमुळे रद्द झाली; २०१६, २०२०, २०२१ आणि २०२४मध्ये ती झालीच नाही. शहरही बदलतं: लंडन, मायामी, रियाध, मेक्सिको सिटी, सिडनी. ड्रायव्हरांची नावंही एकेक करून जाहीर होतात, त्यामुळे एकाच आवडत्या नावावर भरवसा ठेवून पैसे घालू नका. आधी स्टेडियमच्या तिकिटांची विक्री सुरू होऊ द्या, मग व्हिसाचा अर्ज, आणि विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी.